शिकागो पडलं म्हणून औशात भाव पडला?

औसेकर
नमस्कार मंडळी. २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर एक प्रश्न घेऊन आलोय. उत्तर असेल तर सांगा, नसेल तर चहा पिऊन जा.

परवा घरातल्या सोयाबीनच्या ३८ कट्ट्यांपैकी १० कट्टे पिकअपमध्ये टाकून लातूरच्या आडतीवर गेलो. वडील सोबत. आडत्यानं पोत्यात परखी मारली, नमुना काढायची सळई ती, मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकले, दोन दाताखाली फोडले आणि म्हणाला, 'हवा चौदा. डागी बी हाय.' हवा म्हणजे दाण्यातला ओलावा, टक्क्यांत. सप्टेंबरात रान पंधरा दिवस पाण्याखाली होतं, डागी असणारच. भाव लावला क्विंटलला ३९००. २०२५ चा हमीभाव ५३२८. वडील म्हणाले, 'मागच्या आठवड्यात तर चार हजाराच्या वर होता की.' आडत्यानं मोबाईल पुढं केला. 'काका, शिकागो पडलंय.'

वडिलांनी मागं वळून बघितलं. त्यांना वाटलं हमाल पडला कुणीतरी.

परत येताना गाडीत एकच विषय. 'औशात पाऊस पडला म्हून माल डागी झाला, हे समजलं. पन ह्यो शिकागो कोन, आन् त्यो पडला तर आपल्या कट्ट्याला कामून लागतंय?'

मी बी.कॉम. आहे. खाउजा (खाजगीकरण-उदारीकरण-जागतिकीकरण), डंकेल मसुदा, डब्ल्यूटीओ म्हणजे जागतिक व्यापार संघटना, सगळं पेपरात लिहून ६२ मार्क घेतलेत. पण औसा येईपर्यंत वडिलांना समजेल असं एक वाक्य तोंडातून निघालं नाही. तर जाणकारांनो, या जागतिकीकरणानं आपल्या मराठवाड्याचं नेमकं काय झालं? आणि उरलेले २८ कट्टे ठेवू का विकू?

खवचट_काका
शिकागो पडलं तर लागलं कुठं ते बघा आधी. मलमपट्टीला कापूस आमच्या परभणीहून पाठवतो. सध्या स्वस्त आहे.

आडत_गल्ली
मी आडत्याचाच पोरगा, शिव्यांची सवय आहे, तेव्हा मोकळेपणानं सांगतो.

सोयाबीन कुणी भाजून खात नाही. प्लांटवाला १०० किलो गाळतो, त्यातून साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड, आम्ही डीओसी म्हणतो. तुमच्या कट्ट्याचा भाव म्हणजे ह्या दोन्हींची किंमत, वजा गाळपखर्च, वजा गाडीभाडं, वजा आमची आडत. सगळे तेलावर भांडतात, पण १०० किलोचा हिशोब मांडला तर निम्म्याहून जास्त पैसा बहुतेक वेळा पेंडीतून येतो.

आता तेल. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. इंडोनेशिया-मलेशियाचं पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोया, रशिया-युक्रेनचं सूर्यफूल. त्यामुळं इथल्या तेलाचा भाव म्हणजे बंदरावर उतरलेल्या तेलाचा भाव अधिक आयात शुल्क. पेंड बाहेर विकायची तर तिथं अर्जेंटिना उभा. आपली पेंड बिगर-जीएम, म्हणजे जनुकबदल न केलेल्या बियाण्याची, म्हणून युरोपात थोडा जास्त भाव मिळतो, तेवढंच. आणि आता इथेनॉलवाल्यांच्या मक्याचा चोथा स्वस्तात मिळतो, तर कोंबडीवाले म्हणतात सोयापेंड कशाला.

म्हणून सकाळी पोटलीचा, म्हणजे बाजारातला दिवसाचा पहिला भाव निघायच्या आधी आम्ही शिकागो बघतो, मलेशिया बघतो, मग आभाळ बघतो. तुमच्या वडिलांना सांगा, शिकागो म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या गावची मोठी आडत. बोली तिकडं लागते, आम्ही नुसते ऐकतो.

(आणि चौदा हवेचा माल घेऊन कुणी येतं का हो? दोन दिवस ताडपत्रीवर टाकायचा होता.)

औसेकर
कुठं टाकू, रस्त्यावर? अंगणात चिखल आहे अजून.

डेमॉइनचा_परभणीकर
मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलो, आता अकरा वर्षं अमेरिकेच्या आयोवात आहे, चहूबाजूंनी सोयाबीन. थोडा हिशोब करून दाखवतो.

शिकागोत भाव बुशेलला लागतो. सोयाबीनचा बुशेल म्हणजे २७.२ किलो. २०२५ च्या या हंगामात साधारण १० डॉलरच्या जरा वर चाललंय. क्विंटलला झाले ३७ डॉलर, म्हणजे सव्वातीन हजार रुपये. गावच्या कोठारावर शेतकऱ्याच्या हातात त्याहून कमीच पडतात.

म्हणजे औसेकर, तुमच्या डागी मालाला इथल्या चोख मालापेक्षा जास्त भाव मिळालाय.

पण थांबा, शिव्या नंतर द्या. अमेरिकेत सरासरी एकरी १४ क्विंटल उतारा पडतो. आपल्याकडं देशाची सरासरी चारच्या आसपास. यंदा चीननं पाठ फिरवली म्हणून इथलेही कपाळाला हात लावून बसलेत. २०१८ मध्ये चीननं अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं, तेव्हा इथल्या सरकारनं शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली, पुढच्या वर्षी आणखी १६ अब्जांची. माझा शेजारी कट्टर 'सरकारनं लुडबुड करू नये'वाला. चेक आला तेव्हा काही बोलला नाही, नवा ट्रॅक्टर मात्र आला.

खवचट_काका
आमच्याकडं बी थेट खात्यात डीबीटी येतं. २००० रुपये. ट्रॅक्टरचं चाक सुद्धा नाही, चाकातली हवा येते. तीही चौदा.

औसेकर
@डेमॉइनचा_परभणीकर, आमचा भाव जास्त आहे ही गोष्ट वडिलांना सांगितली. ते पाच मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, 'मग त्येंनी तिकडंच पेरावं, आमी इकतं आनून खाऊ.' मला वाटतं हेच ते तौलनिक लाभाचं तत्त्व.

अर्थशास्त्र_मास्तर
औसेकर, तुमच्या वडिलांनी १८१७ सालच्या डेव्हिड रिकार्डोला एका वाक्यात गाठलं. त्यानं इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची दारू घेऊन हेच मांडलं होतं: ज्यात तुमचा हात त्यातल्या त्यात बरा बसतो ते करा, बाकीचं बाहेरून घ्या, दोघांचाही फायदा. मी गेली २२ वर्षं हे फळ्यावर लिहितो. त्यात एक मेख आहे, ती मात्र शेवटच्या तासाला घाईत सांगितली जाते. कापडातून बाहेर पडलेला माणूस दारूच्या कामाला लागेल, असं त्यात गृहीत आहे. औशाचा ५८ वर्षांचा माणूस सोयाबीन सोडून काय करणार, हे रिकार्डोनं लिहून ठेवलेलं नाही.

ब्रँको मिलानोविच आणि क्रिस्तोफ लाकनर या अर्थतज्ज्ञांनी १९८८ ते २००८ या वीस वर्षांत जगात कुणाचं उत्पन्न किती वाढलं, त्याचा आलेख काढला. तो हत्तीसारखा दिसतो. पाठीवर आशियातला, मुख्यतः चीनमधला मधला वर्ग, उचललेल्या सोंडेच्या टोकावर जगातले अतिश्रीमंत, आणि सोंड जिथं खाली वाकते तिथं श्रीमंत देशांतला कामगार, ज्याचं फारसं काही वाढलं नाही.

खवचट_काका
सर, हत्ती मान्य. पण आपण कुठं? शेपटीला का पायाखाली?

वाळूजचा_फिटर
मी सांगतो ना, मी पाठीवर बसून आलोय, निदान काही वर्षं.

आमचं गाव गंगापूर तालुक्यात. १९८५ ला वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि मागोमाग सुट्या भागांची शेड उभी राहिली. थोरल्या चुलत्यानं वाळूजमध्ये पहिली नोकरी धरली तेव्हा गावात लोक बघायला यायचे, खिशाला पेन लावलेला माणूस. मी आयटीआय करून २००६ ला लागलो. आमच्या शेडमध्ये जो भाग बनतो तो युरोपातल्या गाडीत बसतो. ती गाडी मी आजपर्यंत डोळ्यानं पाहिलेली नाही. एक दशांश मिलिमीटरची चूक झाली की तिकडून फोटो येतो, लाल गोल मारलेला, आणि रात्रपाळीतल्या पोराची झोप जाते.

ह्याच पगारावर घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं. जागतिकीकरण नसतं तर मी तुरीच्या शेंगा सोलत बसलो असतो. तेव्हा इथं सरसकट शिव्या देणाऱ्यांना माझा नमस्कार.

पण दुसरी बाजूही खरी. २००८-०९ ला ऑर्डर आटल्या तर आठवड्याला तीन दिवस काम. लागलो तेव्हा शेडमध्ये दहातले सात पर्मनंट होते, आता दोन, बाकी ठेकेदाराचे. काम तेच, मशीन तेच, टोपीचा रंग वेगळा. कॅन्टीनला पण रांग वेगळी होती, ती आम्ही भांडून एक केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारताच्या मालावर ५० टक्के शुल्क केलं त्या आठवड्यात आमच्या शेजारच्या शेडमधली ४० पोरं 'दिवाळीनंतर बघू' म्हणून घरी पाठवली. पिवळ्या टोपीची. एकही निळी टोपी नव्हती त्यात.

जालनेकर_८१
फिटरभाऊ, टोपीवरून आठवलं. आमचं जालना सोने का पालना, आता सळईचा पालना. भंगार बोटीनं परदेशातून येतं, वितळतं इथं, धूर आमचा. आणि भट्टीवर कोण? मध्य प्रदेश, यूपी, बिहार. आमची पोरं पुण्याला.

८ मे २०२० ची पहाट विसरता येत नाही. जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला असलेली पोरं रुळांवरून पायी घराकडं निघाली होती, मध्य प्रदेशात. करमाडजवळ दमून रुळांवरच झोपली. मालगाडी आली. १६ गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात रुळांमधल्या पोळ्यांचा फोटो होता.

भंगाराच्या डब्याला बंदरापासून जालन्यापर्यंत नंबर असतो, कागद असतो, कुठंय ते कळतं. एवढंच म्हणायचं होतं.

मेसवाली_लातूर
मी मोठ्यांच्या गप्पांत पडत नाही, पण तेलाचा विषय निघाला म्हणून लिहिते.

माझी मेस आहे, नीटच्या क्लासची ६० पोरं. १५ किलोचा डबा पाच-सहा दिवसांत संपतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं. गणपती उठायच्या आत माझा डबा तीनशे-साडेतीनशेनं चढला. पोरांचे आईबाप वर्षाचे पैसे आधी देऊन बसलेले, कुणाकडं मागू? मी भज्यांचा बुधवार बंद केला. पोरांनी मोर्चाच काढायचा बाकी ठेवला.

२०२५ च्या मेअखेर ते शुल्क १६.५ वर आणलं, तर आता माझा सख्खा भाऊ निलंग्याहून फोन करून ओरडतो, 'तुमच्या भज्यांपायी आमचं सोयाबीन मेलं.' आता सांगा, ताई म्हणून काय बोलू आणि मेसवाली म्हणून काय बोलू?

एक मात्र विचारते. शुल्क वाढवलं तेव्हा माझा डबा लगेच महाग झाला. भावाचं सोयाबीन तेव्हा कुठं वाढलं? त्याला त्या हिवाळ्यात बी हमीभाव मिळाला नाही. मधले पैसे गेले कुठं?

आडत_गल्ली
ताई, माझ्याकडं नका बघू. 🙏 पेंड पडली होती तेव्हा. तेलात वाढलं ते पेंडीत गेलं. वर जी सांगितली ना, निम्मी गोष्ट, तीच.

मेसवाली_लातूर
बघत नाहीय. पण तुमचं घर तीन मजली आहे हे अख्ख्या लातूरला माहीत आहे.

लाल_बिल्ला
मी जुना माणूस, शेतकरी संघटनेचा बिल्ला अजून कपाटात आहे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची मिलो, म्हणजे लाल ज्वारी, खाल्लेली पिढी. लाल भाकरी व्हायची, घशाखाली उतरायची नाही, पण तीच होती. तेव्हा परदेशी धान्य हा शब्द मी उपाशी पोटी शिकलोय.

१९९१ च्या शेवटी जागतिक व्यापार कराराचा डंकेल मसुदा आला तेव्हा देशात गदारोळ झाला. कर्नाटकात शेतकरी नेते नंजुंडस्वामींनी त्याविरुद्ध रान पेटवलं. आमच्या संघटनेचे शरद जोशी उलटे उभे राहिले, म्हणाले बाजार उघडू द्या. लोक आम्हाला विचारायचे, तुम्ही शेतकऱ्याचे का अमेरिकेचे? आमचं म्हणणं सोपं होतं. शेतकऱ्याला लुटणारा परदेशी नाही, निर्यातबंदी लावणारा आपलाच आहे. दोन्ही दारं उघडा.

१ जानेवारी १९९५ ला डब्ल्यूटीओ सुरू झालं. तीस वर्षं झाली. दार एकच उघडलं, आणि त्याची कडी पण आतून दिल्लीच लावते-काढते.

२०२१ बघा. ऑगस्टात सोयाबीन १० हजाराला टेकलं. कोंबडीवाल्यांनी ओरड केली. लगेच १२ लाख टन जीएम पेंड आणायला परवानगी. जे जीएम सोयाबीन इथं पेरलं तर गुन्हा, त्याची पेंड बोटीनं आली तर चालते. नवा माल बाजारात येईस्तोवर भाव पाच हजारावर. डिसेंबरात सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावाचे सौदे, बंद केले, ते २०२५ ची दिवाळी आली तरी बंदच. आता गावातल्या पोराला पुढचा भाव बघायचा तर शिकागोच बघावं लागतं, कारण आपला आरसा आपणच फोडला. औसेकर, तुमच्या आडत्याच्या मोबाईलवर शिकागो का दिसतं त्याचं निम्मं कारण हे.

भाव पडला की सांगतात, जागतिक बाजार, आमच्या हातात नाही. भाव चढला की तो बरोबर त्यांच्या हातात असतो. ह्याला जागतिकीकरण म्हणू नका. शरद जोशींना ते बघून बरं वाटलं नसतं.

अर्थशास्त्र_मास्तर
बिल्लेवाले काका, अर्धं मान्य. पण दोन्ही दारं सताड उघडली की समोरचा सरळ खेळतो, हे कुणी सांगितलं? कापसाचं घ्या. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना इतकं अनुदान द्यायची की जगभरचे भाव खाली दाबले जायचे. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार गरीब देश डब्ल्यूटीओत जाऊन म्हणाले, आमचा शेतकरी यात मरतोय. ब्राझीलनं तर रीतसर खटला लढवून जिंकला. निकाल लागल्यावर झालं काय? वाटाघाटी होत होत २०१४ मध्ये अमेरिकेनं ब्राझीलला ३० कोटी डॉलर दिले आणि मिटवलं. बुर्किना फासोकडं ना तेवढे वकील, ना तेवढी ताकद. सोयाबीनच्या आयोवाचा हिशोब वर आलाच आहे. आपण दार उघडायचं आणि पलीकडून चेकबुक घेतलेला माणूस यायचा.

लाल_बिल्ला
मास्तर, चेकबुक त्याच्याकडं आहे, मान्य. पण आपलं सरकार आपल्या खिशातनं काढतंय ते आधी थांबवा, मग त्याच्याकडं बघू. ह्या वादाला तीस वर्षं झाली, तुमचे केस गेले, माझे दात.

माजलगावचा_कापूस
मास्तरांनी कापूस काढलाच आहे तर ऐका. अमेरिकेनं ५० टक्के लावले, दुखणं झालं तिरुपूरच्या कपडेवाल्यांना. इंजेक्शन दिलं माजलगावला. १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेर, मग लगेच डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे बरोब्बर आमची वेचणी चालू होऊन संपेपर्यंत. वेचायला किलोला दहा-बारा रुपये द्यावे लागतायत, त्यात पावसानं बोंडं सडली.

बोंडअळीला तोंड देणारं जनुकबदल केलेलं बीटी बियाणं आलं २००२ ला, जालन्याच्या महिको आणि मोन्सँटोच्या भागीदारीतून. पहिली आठ-दहा वर्षं खरंच पिकलं, खोटं बोलणार नाही, त्याच पैशात पत्र्याचं घर स्लॅबचं झालं. मग गुलाबी बोंडअळी. आता फवारणी बी आहे आणि बियाण्याचा खर्च बी.

डाळमिल_उदगीर
एक गंमत सांगतो. आमच्या मिलवर तूर येते तिची नावं ऐका. लेमन म्हणजे म्यानमारची, गजरी म्हणजे मोझांबिकची, अरुषा म्हणजे टांझानियाची. हमालांना हे देश नकाशात दाखवता येणार नाहीत, पण डोळे झाकून दाणा चोळून सांगतील कुठली आहे ते. २०१६ ला सरकारनं मोझांबिकशी तुरीचा करार केला आणि त्याच हंगामात इथं तुरीचं इतकं पिकलं की केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. माणूस आठ-आठ दिवस तुरीवर झोपायचा.

आणि मोझांबिकचा शेतकरी म्हणजे कोण मोठा बागायतदार नाही बरं. आपल्यासारखाच, एक-दोन एकरवाला. आपण दार लावलं की तो मरतो, उघडलं की आपण. डाळ मात्र दोन्ही वर्षी लातूरचीच म्हणून विकली जाते. 😄

वसमतची_हळद
आमच्याकडं या! हळदीला शिकागो नाही. जगातली बहुतेक हळद आपल्याच देशात पिकते, त्यामुळं हळदीचं शिकागो म्हणजे सांगली, निजामाबाद आणि आता आमचं हिंगोली-वसमत. अरबांच्या बिर्याणीत आम्ही, अमेरिकेच्या गोळीत आम्ही.

खवचट_काका
ताई, हे मोठ्यानं बोलू नका. पुढच्या वर्षी सगळा मराठवाडा हळद लावील आणि भाव तुमच्या पायाशी पडेल. शिकागोची गरजच लागणार नाही.

केजची_मास्तरीण
सगळे मालाचं बोलताय. आमच्याकडं माल नाही, नुसती माणसं. माझ्या वर्गात ४१ मुलं आहेत. दिवाळी झाली की १५-१६ उरतात, बाकी आईबापासोबत ऊसतोडीला, कोयत्यावर. मुकादमाची उचल घेतलेली असते, फिटेपर्यंत सुटका नाही. साखर ब्राझीलमुळं महागली काय, निर्यात बंद झाली काय, नवरा-बायकोच्या जोडीला टनाला मिळायचे तेवढेच मिळतात. आमच्यापर्यंत जग यायचं ते बहुतेक मशीन बनून येईल. ऊसतोडणी यंत्रं वाढायला लागलीत. एका मुलीनं विचारलं, 'बाई, मशीन आल्यावर आमाला शाळेत बसता येईल का?' मी हो म्हणाले. तिचे आईबाप तेव्हा काय करतील हे तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

वाळूजचा_फिटर
बाई, त्यातलं कुणी आयटीआयला येणार असेल तर मला सांगा. पिवळी टोपी तर पिवळी टोपी.

औसेकर
धागा लांबला, सगळ्यांचे आभार. वडिलांना वाचून दाखवला, दोन संध्याकाळी गेल्या.

माझ्या प्रश्नाचं काय झालं ते सांगतो. २८ पैकी १२ कट्टे विकले, खत-दुकानाची उधारी आणि बहिणीची साडी. सुकवून नेला, हवा अकरा निघाली, भाव ४१८० मिळाला. १६ कट्टे ठेवलेत, हमीभाव केंद्रावर नोंदणी केली, ओटीपी तिसऱ्यांदा आला.

वडिलांना मास्तरांचा हत्ती आवडला नाही, 'पिकात शिरंल' म्हणाले. बिल्लेवाल्या काकांचं दोन्ही दारांचं पटलं. डाळमिलवाल्यांच्या मोझांबिकवर मात्र अडले. 'त्याची बी तूर भिजत आसंल का रं पावसात?' असं विचारून झोपायला गेले. आता रोज सकाळी चहाच्या आधी विचारतात, शिकागो काय म्हनतंय. आईला वाटतं पाव्हणं हाय कुणीतरी.

मेसवाली_लातूर
आईंना विचारा, करंज्या कशात तळल्या?

औसेकर
पिशवी बघून आलो. पाम.

माजलगावचा_कापूस
केंद्रावर बारदाना आलाय का पण? आमच्याकडं म्हणतात नोंदणी करा, पोती आल्यावर फोन करू.

औसेकर
नाही अजून. कलकत्त्याहून निघालाय म्हणतात.

आडत_गल्ली
१६ कट्टे भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली फळ्या टाका. ओल धरतंय.